शब्दार्थाच्या वहीतील इंग्रजी : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत इंग्रजीच्या अध्यापनाविषयी जी चर्चा होते तिच्यात व्याकरण, उच्चार आणि संभाषण यांना जे स्थान मिळते ते शब्दार्थाला क्वचितच मिळते. शब्दसंग्रह ही विद्यार्थ्याने घरी बसून, वहीत लिहून, पाठ करावयाची गोष्ट आहे असे गृहीत धरले जाते. त्यामुळे डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस मराठी प्रतिशब्द अशी जी वही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात आहे, तिची संहिता म्हणून चिकित्सा फारशी झालेली नाही. वास्तविक ही वहीदेखील एक संहिता आहे. तिची स्वतःची परंपरा आहे आणि वाचकाविषयीची स्वतःची गृहीतकेही आहेत. ती गृहीतके सर्व विद्यार्थ्यांना सारखी लागू पडतात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा संदर्भ घेतला आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा समाजांची येथे वस्ती आहे, गुजरातची सीमा लागून आहे आणि बाजारपेठेत गुजराती सहज ऐकू येते. अशा बहुभाषिक परिसरात इंग्रजी शब्दाचा 'अर्थ' म्हणजे नेमके काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

यादीची परंपरा

इंग्रजी-मराठी शब्दार्थाच्या यादीचे मूळ एकोणिसाव्या शतकातील कोशकार्यात आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला व त्याची सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इंग्रजी-मराठी कोशाचे काम थॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेले आणि तो १८४७ मध्ये बाहेर पडला. या कोशांची थोरवी वादातीत आहे. तथापि त्यांची दिशा ध्यानात घेतली पाहिजे. मोल्सवर्थ यांच्या कोशात बोलीतील, धंद्यातील, शेतीतील शब्दांना मोकळेपणाने जागा मिळाली. उलट इंग्रजीकडून मराठीकडे येताना पाश्चात्य विद्या आणि राज्यकारभार यांतील संकल्पनांसाठी प्रतिशब्द शोधावे वा घडवावे लागले आणि त्यासाठी संस्कृतचा आश्रय स्वाभाविकपणे घेतला गेला. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांनी शब्द, अर्थ आणि भाषांतरासाठी वाक्ये ही रीत घरोघर नेली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने राज्यव्यवहारासाठी आणि विविध शास्त्रांसाठी कोश तयार केले. तेथेही संस्कृतोद्भव संज्ञांचेच प्राबल्य राहिले.

या परंपरेत एक गृहीतक अखंड वाहत आले आहे. ते असे की, उजव्या बाजूचा मराठी शब्द वाचकाला आधीपासून ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरातील विद्यार्थ्यापुरते ते बव्हंशी खरे होते. 'अ‍ॅम्बिग्युअस' म्हणजे 'संदिग्ध' असे सांगितल्यावर त्याच्या मनात काही तरी उजळत असे, कारण 'संदिग्ध' हा शब्द त्याने वर्तमानपत्रात, व्याख्यानात किंवा घरातील बोलण्यात ऐकलेला असे.

अनोळखी अर्थ

डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून वेगळी आहे. त्याच्या घरात वारली किंवा अन्य बोली बोलली जाते. प्रमाण मराठी ही त्याला शाळेत भेटलेली भाषा आहे. त्यातही ज्ञानव्यवहाराची संस्कृतप्रचुर मराठी ही केवळ पाठ्यपुस्तकात भेटणारी भाषा आहे. त्याच्या वहीत 'इनएव्हिटेबल' या शब्दासमोर 'अपरिहार्य' आणि 'मिटिगेशन' या शब्दासमोर 'उपशमन' असे लिहिलेले असते. येथे एका अनोळखी शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा अनोळखी शब्द दिला गेला आहे. विद्यार्थी दोन्ही पाठ करतो, परीक्षेत जोड्या लावतो आणि गुणही मिळवतो. शब्द त्याला पाठ झालेला असतो, अर्थ मात्र हाती लागलेला नसतो. 'जे टाळून टळत नाही ते' असे सांगितले असते तर त्या विद्यार्थ्याने त्याच्या बोलीतील दोन वाक्ये सहज दिली असती. पावसाळ्याआधी संपणारे धान्य, कामासाठी करावे लागणारे स्थलांतर यांतील अपरिहार्यता त्याला चांगली परिचित आहे. परिचित अनुभव आणि अपरिचित संज्ञा यांची गाठ मात्र यादी घालून देत नाही.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात ही अडचण नवी नाही. दैनंदिन संभाषणाची भाषा आणि शैक्षणिक विचारव्यवहाराची भाषा यांतील भेद जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. दुसरी प्रकारची भाषा आत्मसात होण्यास अधिक काळ लागतो आणि पहिल्या भाषेत रुजलेल्या संकल्पनांचा तिला आधार होतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. येथील विद्यार्थ्याला हे अंतर दोनदा पार करावे लागते. एकदा बोलीतून शास्त्रीय मराठीकडे आणि पुन्हा तेथून शास्त्रीय इंग्रजीकडे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि २०१०-११ पासून आदिवासी विद्यार्थ्यांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश देण्याची योजनाही आली. या उपायांनी इंग्रजीशी ओळख लवकर होते हे मान्य केले, तरी प्रगत शब्दाच्या अर्थाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

'शेड्यूल', 'फ्रॅजाइल' आणि 'बेगार'

यादीची मर्यादा स्पष्ट होण्यासाठी या परिसराच्या जीवनाशी निगडित तीन शब्द पाहता येतील.

पहिला शब्द 'शेड्यूल'. सर्वसाधारण यादीत त्याचा अर्थ 'वेळापत्रक' असा आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु शाळेच्या पहिल्या अर्जापासून ज्याच्या नावापुढे 'शेड्यूल्ड ट्राइब' लिहिले जाते त्या विद्यार्थ्याला 'वेळापत्रक' हा अर्थ काय सांगणार? येथे 'शेड्यूल' म्हणजे कायद्याला जोडलेली सूची, अनुसूची. या शब्दाला इतिहासही आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा यांची गणना 'पार्शली एक्सक्लूडेड', म्हणजे अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत झाली होती. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला अहवाल दिला. आजचा तलासरी तालुका त्या उंबरगाव भागातूनच, १९६० च्या राज्यविभाजनानंतर, वेगळा झाला. 'एक्सक्लूड' म्हणजे 'वगळणे' एवढे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला, कोणाला कशातून वगळले हा प्रश्न सुचत नाही. विधिमंडळाचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, गव्हर्नरच्या निर्देशाने लागू होत, हे कळले की 'वगळणे' या शब्दातील संरक्षण आणि परकेपणा या दोन्ही छटा एकदम दिसू लागतात. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने 'वगळलेले' हा शब्द मागे टाकला व 'अनुसूचित' हा शब्द पुढे आणला. १९९६ च्या पेसा कायद्याने या क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येण्यात राज्यसंस्थेच्या भूमिकेतील बदल सामावलेला आहे आणि तो यादीच्या एका ओळीत मावत नाही.

दुसरा शब्द 'फ्रॅजाइल'. यादीत 'नाजूक, ठिसूळ' असा अर्थ असतो आणि उदाहरण बहुधा काचेच्या भांड्याचे असते. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका 'इकॉलॉजिकली फ्रॅजाइल' म्हणून घोषित केला. तालुक्याभोवती पंचवीस किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला, उद्योगांची लाल, नारिंगी व हिरव्या गटांत विभागणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. म्हणजे या तालुक्यात कोणता कारखाना उभा राहू शकतो आणि कोणता नाही, हे 'फ्रॅजाइल' या विशेषणावर अवलंबून राहिले. काचेचे भांडे फुटले तर नवे आणता येते, परंतु परिसंस्थेचा तोल एकदा गेला की तो पूर्ववत होत नाही. हा भेद 'नाजूक' या प्रतिशब्दात येत नाही. ज्या विद्यार्थ्याने खाडीतील मासळी कमी होताना किंवा चिकूच्या वाडीवर हवामानाचा परिणाम होताना पाहिला आहे, त्याला तो क्षणात समजू शकतो. वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्या प्रकल्पाबाबत कोणाचे मत काहीही असो, त्याविषयीची चर्चा ज्या संज्ञांतून चालते त्या 'असेसमेंट', 'मिटिगेशन', 'कॉम्पेन्सेशन' याच आहेत. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मूळ अहवालाचा तपशील मात्र इंग्रजीतच असतो. सारांशावर थांबणारा आणि मूळ अहवाल उघडू शकणारा यांच्यातील अंतर हे प्रगत शब्दसंग्रहाचे अंतर आहे.

तिसरा शब्द 'बेगार'. तो कोणत्याही प्रगत इंग्रजी शब्दांच्या यादीत सापडणार नाही, तरीही तो भारतीय संविधानाच्या इंग्रजी संहितेत आहे. अनुच्छेद २३ मध्ये सक्तीच्या मजुरीस मनाई करताना संविधानकारांनी इंग्रजी शब्दसमूहाबरोबर 'बेगार' हा शब्द तसाच ठेवला. इंग्रजी पर्याय उपलब्ध असताना देशी शब्द ठेवावा लागला, याचाच अर्थ असा की तो पर्याय पूर्ण पर्याय नव्हता. वेठ म्हणजे केवळ सक्तीची मजुरी नव्हे. सावकार-जमीनदार, कर्ज, लग्नासाठी घेतलेली उचल आणि पिढीजात भय यांची ती एक संपूर्ण व्यवस्था होती. या परिसरातील विद्यार्थ्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ती भोगली. इंग्रजी शब्द शिकणाऱ्या या विद्यार्थ्याला, आपल्या भागाच्या अनुभवासाठी इंग्रजीलाही शब्द उसना घ्यावा लागला, हे सांगितले जाणे भाषाशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

एका शीर्षकाची दोन रूपे

शब्दाचा अर्थ आणि शब्दाची छटा यांतील अंतर दाखवणारे एक उत्तम उदाहरण या परिसराच्या साहित्यातच आहे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी वेठीविरुद्ध केलेला लढा हा त्याचा विषय आहे. तलासरीचे महाविद्यालय आज परुळेकरांच्या नावाने ओळखले जाते. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९७५ मध्ये 'आदिवासीज रिव्होल्ट' या शीर्षकाने आला.

दोन्ही शीर्षके शेजारी ठेवून पाहिली असता विद्यार्थ्यांसमोर तीन प्रश्न उभे करता येतात. मराठी शीर्षकात 'माणूस' आहे, इंग्रजीत 'आदिवासी'. मराठीत 'जागा होतो' ही आतून घडणारी क्रिया आहे, इंग्रजीत 'रिव्होल्ट' ही बाहेरून दिसणारी कृती. मराठीत 'जेव्हा' या शब्दाने वाक्य अपुरे ठेवले आहे व पुढे काय घडते याची उत्सुकता निर्माण केली आहे, तर इंग्रजीत विधान पूर्ण झाले आहे. इंग्रजी शीर्षक चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. अखिल भारतीय वाचकाला विषय तात्काळ कळावा हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु ज्याला माणूस म्हणूनच मोजले जात नव्हते त्याने माणूस म्हणून उभे राहणे, हा मूळ शीर्षकाचा गाभा 'रिव्होल्ट' या शब्दाने झाकला जातो. यादीत 'रिव्होल्ट — बंड' एवढेच असते. बंड, उठाव, विद्रोह, लढा आणि जागृती यांतील निवड ही भूमिकेची निवड असते, हे यादी सांगू शकत नाही. या पुस्तकाचे शीर्षक मात्र एका तासिकेत सांगू शकते.

कोसबाडचा धडा

यादीला पर्याय काय, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील अंगणवाडी व कुरणशाळा या प्रयोगांचे सूत्र असे होते की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात किंवा गुरे चरतात तेथे जावे. ताराबाईंची शिक्षणदृष्टी माँटेसरी पद्धतीतून घडलेली होती. त्या पद्धतीतील शब्दशिक्षणाचा धडा तीन पायऱ्यांचा असतो. प्रथम वस्तू हातात देऊन तिचे नाव सांगावयाचे, मग नाव घेऊन वस्तू दाखवावयास सांगावयाचे आणि अखेरीस वस्तू दाखवून नाव विचारावयाचे. अनुभव आधी, नाव नंतर, हा त्याचा क्रम आहे. शब्दार्थाच्या वहीत हा क्रम उलटा असतो. तेथे नाव आधी येते आणि अनुभव बहुधा येतच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. बालवाडीतील मुलाला मणी किंवा पान हातात देता येते, परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्याला 'ज्युरिस्डिक्शन' हातात कसे देणार? आक्षेप रास्त आहे. अमूर्त संज्ञेला वस्तू नसते. तिला प्रसंग असतो व दस्तऐवज असतो. ग्रामसभेचा ठराव, वनहक्काचा दावा, अधिसूचनेचा एक परिच्छेद या या परिसरातील अमूर्त शब्दांच्या 'वस्तू' होत. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची मर्यादा-तारीख आहे. 'ऑक्युपेशन' या शब्दाचा अर्थ 'व्यवसाय' असा पाठ केलेला विद्यार्थी त्या कलमाशी येऊन अडखळतो, कारण तेथे त्याचा अर्थ जमिनीचा ताबा असा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी ज्या कागदासाठी तालुक्याच्या गावी खेटे घातले, त्या कागदातला शब्द म्हणून 'ऑक्युपेशन' शिकवला गेला तर तो सहसा विसरला जाणार नाही.

विशेष म्हणजे 'अंगणवाडी' हा शब्दही पुढे याच मार्गाने इंग्रजीत गेला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तो देशभरच्या इंग्रजी शासकीय कागदपत्रांत रूढ झाला. शब्दांची वाहतूक एकाच दिशेने होत नाही, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

यादीची बाजू

येथवरच्या विवेचनावरून यादी टाकून द्यावी असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शब्द हेतुपूर्वक पाठ करण्याचा, कार्डांवर लिहून पुनःपुन्हा पाहण्याचा उपयोग होतो, हे पॉल नेशन यांच्यासारख्या शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी आग्रहाने मांडले आहे. शिवाय यादी स्वस्त आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्याच्यासाठी शंभर पानी वही हेच ग्रंथालय असते. इंग्रजी ही वंचितांच्या मुक्तीची भाषा ठरू शकते, हा विचार महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहातच मांडला होता. 'आधी आपली बोली सांभाळा' असा उपदेश करून आदिवासी विद्यार्थ्याला प्रगत इंग्रजीपासून दूर ठेवणे, हे त्याला पुन्हा एकदा 'वगळणे' होईल. ते कोणत्याही सबबीवर समर्थनीय नाही.

तेव्हा प्रश्न यादी असावी की नसावी हा नसून यादीत कोणते शब्द असावेत आणि त्यांच्यासमोर काय लिहावे हा आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतील दुर्मिळ शब्दांवर विद्यार्थ्यांचा बराच वेळ खर्ची पडतो. त्याऐवजी, बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेली सुमारे दोन हजार सामान्य शब्दांची सूची आणि तिच्या पुढची पायरी म्हणून एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची शैक्षणिक सूची हा अधिक शहाणा पाया आहे. ही ५७० शब्दकुले पदवीच्या तीन वर्षांत विभागली तर वर्षाला १९० येतात आणि अध्यापनाचे तीस आठवडे धरले तर आठवड्याला सहा ते सात. हे ओझे कोणत्याही वर्गाला पेलण्याजोगे आहे.

प्रत्येक शब्दासमोर एकच प्रतिशब्द न देता चार गोष्टी लिहावयास सांगता येतील. शब्द जेथे भेटला ते वाक्य, त्या वाक्यातील अर्थ सोप्या मराठीत, घरच्या बोलीत तीच गोष्ट कशी सांगतात ते आणि अखेरीस प्रमाण मराठी संज्ञा. संस्कृतोद्भव संज्ञा टाकावयाची नाही, कारण मराठी ज्ञानव्यवहाराचे दारही विद्यार्थ्यासाठी उघडले पाहिजे. तिची जागा मात्र शेवटी आहे. तिसरा रकाना अध्यापकाला बहुधा तपासता येणार नाही, कारण ती बोली त्याला अवगत नसते. तेथे विद्यार्थी सांगणारा व अध्यापक ऐकणारा होतो. मोठे वर्ग, अपुऱ्या तासिका आणि जोड्या लावण्याच्या प्रश्नांवर गुण देणारी परीक्षापद्धती हे अडथळे खरे आहेत. तथापि आठवड्याला सहा शब्दांपुरता हा बदल विद्यापीठाच्या आदेशाची वाट न पाहता करता येण्यासारखा आहे.

समारोप

शब्दार्थाची वही ही निरुपद्रवी वाटणारी वस्तू आहे. परंतु तिच्या उजव्या रकान्यात कोणाची मराठी आहे, हा प्रश्न विचारला की तिच्यातील विषमता दिसू लागते. डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी कठीण जाते असे सर्रास म्हटले जाते. त्याला दिलेला 'अर्थ'च कठीण आहे, हे मात्र ध्यानात घेतले जात नाही. 'शेड्यूल', 'फ्रॅजाइल', 'ऑक्युपेशन' हे शब्द या परिसरात परीक्षेच्या कितीतरी आधी जमिनीवर, समुद्रावर आणि दाखल्यांवर लिहिले गेले आहेत. ते ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्या मुलांना ते वाचता यावेत, त्यांतील छटा ओळखता याव्यात आणि प्रसंगी त्यांवर आक्षेपही घेता यावा, हे प्रगत शब्दसंग्रहाच्या अध्यापनाचे उद्दिष्ट असावयास हवे. कोसबाडच्या टेकडीवर शाळा मुलाच्या अंगणात गेली होती. महाविद्यालयातील इंग्रजी शब्दाने आता तेवढेच अंतर चालून जाणे अपेक्षित आहे.